न उघडलेली हाक

"भाऊ, त्या बाईला रक्तगट विचारू नका."

मी हे म्हणेपर्यंत भाऊंचं बोट खाली आलं होतं. मेल गेली.

"का बरं?" चष्मा कपाळावर सरकवत भाऊ माझ्याकडे वळले. "परदेशातली एकटी बाई, नवरा वारलाय. स्वतः आजारी आहे. एवढं मन मोकळं केलंय तिनं आपल्यापाशी. चार ओळींचं सांत्वन नको करायला? आणि ओघात रक्तगट विचारला तर बिघडलं कुठं?"

"अहो, अशी बाईच नाहीये. कुणीतरी बसून असली पत्रं लाखो लोकांना एकदम पाठवतं, कोण भुलतंय ते बघायला. तुम्ही उत्तर दिलंत की त्यांना कळतं, या पत्त्यावर जिवंत माणूस आहे. मग तुमचा पत्ता आणखी दहा जणांकडे जातो."

"दहा?" भाऊंचा चेहरा फुलला. "मग त्यातला एखादा तरी दाता निघेल की!"

आतून शालिनीकाकूंचं हसू ऐकू आलं. मीही हसले आणि विषय सोडून दिला. भाऊंच्या बाबतीत मी विषय सोडूनच द्यायचे.

ही दोन हजार आठ सालातली गोष्ट. कराडच्या शनिवार पेठेत भाऊ टोणपे यांच्या पुढच्या खोलीत, काकूंनी विणलेलं क्रोशाचं झाकण बाजूला सारलं की एक जाडजूड कॉम्प्युटर दिसायचा. त्यावर 'ओंजळ' चालायची. ओंजळ म्हणजे रक्तदात्यांचा गट. भाऊंची सगळी नोकरी तारघरात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा गट उभा केला, आणि तोही एका विशिष्ट रक्तासाठी. बॉम्बे नावाचा एक रक्तगट असतो. साध्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण ज्याचा तो असतो त्याला 'ओ' रक्त दिलं तर जिवावर बेततं. त्याला फक्त बॉम्बेच चालतं, आणि तशी माणसं हजारोंत एखादी. मुंबई, पुणे, बेळगाव, नागपूर असे ठिकठिकाणचे असे दाते भाऊंनी शोधून काढले होते. त्यांच्याबरोबर साध्या रक्तगटाचे दाते होते, शिबिरात नाव दिलेले कॉलेजचे विद्यार्थी होते, ओळखीचे डॉक्टर होते. या सगळ्यांचे ईमेलचे पत्ते ओंजळीत जमा झाले होते.

मी साखर कारखान्याच्या संगणक विभागात होते. रविवारी भाऊंकडे येऊन मेलचा ढीग उपसून द्यायचे. ढीगच म्हणायचा तो. केस उगवणारं तेल, महिन्यात वजन घटवणारा चहा, कधीही तिकीट न काढलेल्या लॉटरीचं बक्षीस. ओंजळचा पत्ता भाऊंनी अभिमानानं जिथे तिथे छापला होता, आणि येईल त्या पत्राला ते सभ्यपणे उत्तर देत होते. 'ही पत्रे नको असल्यास येथे क्लिक करा' असं दिसलं की तिथे क्लिक करत होते. जितकं क्लिक करत, तितकी पत्रं वाढत.

आणि ते स्वतःही पाठवायचे. रोज सकाळी चहा झाला की गुलाबाचं चित्र, खाली सुविचार. दुपारी पपईच्या पानांचा रस किंवा लसणाच्या पाकळ्यांचा उपाय. संध्याकाळी कुठून तरी आलेलं हरवलेल्या मुलीचं आवाहन. ती मुलगी इतकी वर्षं हरवत होती की एव्हाना तिचं लग्न झालं असेल. शेवटी ठरलेली ओळ, 'ही मेल अकरा जणांना पाठवा.' हे सगळं ओंजळमधल्या झाडून सगळ्यांना जायचं.

"माणसं जोडलेली राहिली पाहिजेत, विभा," ते म्हणायचे. "नुसतं गरज पडली की हाक मारायची, हे मला नाही आवडत."

त्या रविवारी मी निघतच होते, तेवढ्यात फोन वाजला. भाऊंनी उचलला. 'हं', 'हो', 'बोला डॉक्टर' म्हणता म्हणता ते उभे राहिले.

मिरजेच्या एका इस्पितळातून डॉक्टर आठल्येबाई बोलत होत्या. कवठेमहांकाळकडची रेश्मा मुजावर नावाची मुलगी, पहिलटकरीण, दिवस भरत आलेली. वार गर्भाशयाच्या तोंडाशी आली होती. एकदा रक्तस्राव होऊन गेला होता, पुन्हा कधीही सुरू झाला असता. ऑपरेशन करायलाच हवं होतं, पण मुलगी आधीच फिकी पडलेली, आणि तिचं रक्त निघालं बॉम्बे. एकाही रक्तपेढीत ते शिल्लक नव्हतं.

"किमान दोन पिशव्या हातात असल्याशिवाय मी तिला टेबलावर घेऊ शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. भाऊंनी फोन माझ्याही कानाजवळ धरला होता. "आणि फार थांबूही शकत नाही. शुक्रवारच्या पुढे नाही."

फोन ठेवून भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. माझं रक्तही बॉम्बेच आहे, पण गेल्याच महिन्यात मी सोलापूरच्या एका आजोबांना दिलं होतं. इतक्यात कुणी पुन्हा घेतलं नसतं.

"बाकीचे आहेत की," भाऊ म्हणाले आणि कॉम्प्युटरपुढे बसले.

फोन नंबर होते ते आम्ही आधी लावले. एक दाता दुबईला गेलेला. एकाला नुकतीच कावीळ झालेली. बाकी बरेचसे नंबर बंद झालेले, कारण त्या दिवसांत लोक सिमकार्ड रुमालासारखी बदलायचे. उरली ती मेल. भाऊंनी मोठ्या कष्टानं ती सजवली. वर लाल अक्षरांत 'अत्यंत तातडीचे' आणि पुढे उद्गारचिन्हांची रांग. मध्ये रडणाऱ्या बाळाचं इंटरनेटवरचं चित्र. खाली गुलाब. शेवटी अकरा जणांची ओळ. मग ओंजळमधल्या एकूण एक पत्त्यावर ती एकदम सोडली.

"आता बघ, फोन थांबणार नाही," ते म्हणाले.

सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी कारखाना सुटल्यावर मी पेठेत गेले, तर पुढच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर एक तरुण बसला होता. पायाशी पिशवी, हातात काकूंनी दिलेला चहा, त्यावर साय धरलेली.

"हा इम्तियाज," भाऊ म्हणाले. "रेश्माचा नवरा."

"दवाखान्यात बसवेना, ताई," तो म्हणाला. "तिथं तिच्या आईला बसवलं आणि एस्टीत बसलो. म्हटलं, कोण माणसं आपल्यासाठी धडपडतायत ती बघून तरी यावं." त्यानं कॉम्प्युटरकडे पाहिलं. "यातनं कळवलंय होय सगळ्यांना?"

"सगळ्यांना," भाऊ म्हणाले. "महाराष्ट्रभर."

"मग वाचतील ना लोक?"

"वाचतील तर! का नाही वाचणार?"

"आलंय काही?"

दोन दिवसांत जाहिराती सोडल्या तर एकच मेल आली होती. नवरा वारलेल्या त्या बाईनं भाऊंच्या सांत्वनाबद्दल आभार मानले होते आणि त्यांच्या बँकेचं नाव विचारलं होतं.

इम्तियाज शेवटच्या गाडीची वेळ सांभाळून उठला. दारात थांबून भाऊंना म्हणाला, "काका, ती विचारत होती, रक्त देणारा कोण असेल, त्याचं नाव काय असेल. म्हणाली, नाव कळलं तर दुवा मागायला बरं पडेल." मग त्यानं आमच्याकडे न बघता चपला घातल्या आणि गेला.

बुधवारी सकाळी कारखान्यात माझं कामात लक्ष नव्हतं. एक विचार डोक्यात घोळत होता. माझा कारखान्याचा मेलचा पत्ताही ओंजळमध्ये होता. मग भाऊंची ती मेल मलाही यायला हवी होती. मी ती पाहिली कुठे? पाठवताना भाऊंच्या पडद्यावर पाहिली होती. माझ्याकडे आलेली पाहिलीच नव्हती.

मी शोधली. आलेल्या पत्रांत नव्हती. मग नको असलेल्या पत्रांचा कप्पा उघडला. जिथे मेलची यंत्रणा सगळा कचरा परस्पर टाकते, तो कप्पा.

तिथे होती. वर केसांचं तेल, खाली लॉटरी, आणि मध्ये रेश्मा मुजावर.

मी खाली सरकत गेले. भाऊंचे गुलाब, भाऊंचे सुविचार, भाऊंची हरवलेली मुलगी, महिनाभराचं सगळं तिथेच साचलं होतं. एकही उघडलेली नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या आमच्या साळवी मॅडमनाही ओंजळच्या मेल यायच्या. त्यांना विचारलं.

"ओंजळ?" त्या म्हणाल्या. "अगं, रोज दोन-तीन मेल. कंटाळून मी त्या 'नको असलेली' म्हणून खूण केली एकदा. तेव्हापासून सुटले. का गं?"

मी साहेबांना सांगून तशीच निघाले. गाडी चालवताना मला दिसत होतं की इतके दिवस आपण मिरजेत कुणाला मरायला सोडलं आहे, आणि त्याचं कारण काय आहे. आणि हेही दिसत होतं की ते कारण मला भाऊंच्या तोंडावर सांगायचं आहे.

दुपारचं जेवण आटोपून भाऊ कॉम्प्युटरपुढे बसले होते. तीच मेल आणखी मोठ्या अक्षरांत पुन्हा पाठवायची तयारी चालली होती.

"थांबा भाऊ. पाठवू नका."

"अगं, पहिली कुणी बघितली नसेल. आता अक्षर मोठं केलंय."

"मोठं केल्यानं आणखी बिघडेल. ती कुणापर्यंत पोचलीच नाहीये. माझ्यापर्यंतसुद्धा नाही. कचऱ्याच्या कप्प्यात पडली होती."

भाऊंचा हात थांबला. "कचऱ्याच्या?"

मग मी सांगितलं. एकाच वेळी शेकडो पत्त्यांवर गेलेली मेल, लाल अक्षरं, उद्गारचिन्हं, मोठं चित्र, 'अकरा जणांना पाठवा'. ठकवणारे लोक नेमकं असंच लिहितात, म्हणून यंत्र असल्या पत्राला दारातच अडवतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, माणसांनीच यंत्राला सांगून ठेवलं आहे की या पत्त्यावरून येईल ते आम्हाला नको.

"कुठल्या माणसांनी?"

"आपल्याच, भाऊ. ओंजळमधल्या."

"आपली माणसं मला कचरा म्हणतात?"

"तुम्हाला नाही. रोजच्या मेलना."

"माझ्याच आहेत की त्या." त्यांचा आवाज चढला. "सकाळी उठून मी एकेक सुविचार निवडतो. कुणाची आई आजारी असते, कुणी परगावी एकटा असतो. एका गुलाबानं कुणाचं काय वाईट झालं? तू सांग. तू तर घरातली आहेस. तू उघडतेस ना?"

इथे मला थांबावं लागेल आणि ते सांगावं लागेल, जे भाऊंच्या बाबतीत माझ्या सगळे विषय सोडून देण्यामागे होतं.

त्याच्या नऊ वर्षं आधी मीही रेश्मासारखीच पडले होते, कराडातच. माझा मुलगा जन्मला आणि माझं रक्त थांबेना. मला कुठलंच रक्त चालत नाही एवढंच डॉक्टरांना आधी कळत होतं, आणि बॉम्बे हे नाव माझ्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं गेलं. माझे यजमान नातेवाइकांना तारा करायला तारघरात गेले. खिडकीपलीकडे जो माणूस होता, त्यानं फॉर्मवरचा मजकूर वाचला आणि यजमानांना आत बोलावून बसवलं. ओळख ना पाळख. मग त्यानं राज्यातल्या प्रत्येक मोठ्या तारघरातल्या आपल्या माणसाला निरोप धाडला. ते कुठल्या नियमात बसत होतं, मला माहीत नाही. ठाण्याच्या तारबाबूनं तिथल्या रक्तपेढीत जाऊन एक नाव मिळवलं, आणि त्या नावाचा माणूस निघून कराडला आला. मी जगले. तारेच्या खिडकीपलीकडचे ते गृहस्थ म्हणजे भाऊ. ओंजळ त्यांना सुचली ती माझ्यामुळे. अशा माणसाला तुमचे गुलाब नकोत म्हणून सांगायला माझी जीभ कधी वळली नव्हती.

"सांग ना," भाऊ म्हणाले. "तू उघडतेस?"

"नाही, भाऊ."

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. भाऊ उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले, पाठमोरे. मला वाटलं, गेलं. जे जोडलेलं होतं ते मी आज तोडलं.

मी मागोमाग गेले. सुचलं ते बोलले.

"भाऊ, माझ्या वेळी तुम्ही काय लिहिलं होतं? तारेत?"

त्यांनी रस्त्याकडे बघतच सांगितलं.

"काय लिहिणार? 'कराडात बाळंतीण. बॉम्बे रक्त हवे. दात्याचे नाव कळवा. टोणपे.' संपलं."

"त्यात गुलाब नव्हता."

"गुलाबाला जागा कुठली? तारेत शब्द मोजून." मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आणि तार आली म्हणजे माणूस हातातला घास टाकून उघडायचा. का, तर ती उगीच यायची नाही. कधीच उगीच यायची नाही." त्यांनी दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले. "मी रोज तारा करत बसलो, विभा."

ते उठले. आत आले ते थेट खुर्चीशी.

"माझ्या पत्त्यावरून जाणार नाही म्हणतेस. मग कुणाच्या?"

"माझ्या स्वतःच्या. आणि सगळ्यांना नाही. फक्त बॉम्बेवाल्यांना. एकेकाला वेगळी, त्याच्या नावानं."

"चित्र?"

"नाही. रंगही नको. साधी अक्षरं."

"आणि ही मेल खोटी नाही, हे त्याला कशावरून कळणार? तूच म्हणालीस, ठक पण असंच लिहितात."

प्रश्न बिनतोड होता. मग भाऊच म्हणाले, "इस्पितळाचा नंबर घाल. डॉक्टरबाईंचं नाव घाल. म्हणावं, आमच्यावर विश्वास ठेवू नका, आधी तिथे फोन करून खात्री करा. ठक कधी म्हणणार नाही, खात्री करा म्हणून."

"आणि अकरा जणांना पाठवा?"

"लिही, कुणालाही पुढे पाठवू नका. हे फक्त तुमच्यासाठी आहे."

त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. विषयाच्या जागी: 'मिरजेत गरोदर मुलीला तुमचे रक्त हवे, शुक्रवारपूर्वी.' खाली दात्याचं नाव, रेश्माचं नाव, डॉक्टर, इस्पितळाचा फोन, माझा मोबाइल. आणि शेवटी भाऊंचं वाक्य, मी सुचवलेलं नाही: 'ती तुमचे नाव विचारते आहे.'

एकेक मेल वेगळी लिहून पाठवली. भाऊ प्रत्येक नाव मोठ्यानं वाचत, त्या माणसाला आपण कुठे भेटलो ते सांगत. चौबळ, पुण्याचा, शिबिरात सुई बघून डोळे मिटणारा. हुद्दारबाई, बेळगावच्या, कॉलेजात शिकवणाऱ्या. काकूंनी केलेला चहा आम्ही दोघं गार करून प्यायलो.

उन्हं ओट्यावरून उतरायच्या आत माझा मोबाइल वाजला.

"विभावरी मांगले का? मी निनाद चौबळ. आत्ता इस्पितळात फोन केला होता. खरं आहे म्हणाल्या डॉक्टर." तो धापा टाकत होता, जिना उतरत असावा. "मी निघालोय. ऑफिसातून थेट."

"तुम्हाला आधीची मेल मिळाली नव्हती?"

तो जरा घुटमळला. "ओंजळची? खरं सांगू का, ओंजळच्या मेल मी बघत नाही. राग मानू नका. पण ही माझ्या नावानं आली."

भाऊ माझ्या शेजारीच होते. सगळं ऐकू येत होतं. त्यांनी हातानंच फोन मागितला.

"चौबळ, मी टोणपे. राग कसला? तुम्ही बरोबर करत होता. आता असं करा, प्रवासात पाणी भरपूर प्या, आणि सुई टोचताना दुसरीकडे बघा."

पलीकडून मोठं हसू आलं.

हुद्दारबाईंचा फोन यायला अंधार पडला. त्यांनी मेल उशिरा उघडली होती. "बेळगाव ते मिरज म्हणजे काय, सकाळच्या गाडीनं पोचते," त्या म्हणाल्या. "पण टोणपेसाहेबांना सांगा, ते गुलाब तेवढे थांबवा. त्यांच्यापायी मी तुमचा पत्ताच बंद करून ठेवला होता."

"थांबले," भाऊ फोनजवळ तोंड नेऊन म्हणाले. "आज दुपारीच थांबले, बाई."

गुरुवारी मी रजा टाकली आणि भाऊंना घेऊन मिरजेला गेले. चौबळचं रक्त आदल्या रात्रीच घेऊन झालं होतं. इस्पितळाच्या पायरीवर तो केळं खात बसला होता. हुद्दारबाई आल्या, बाही वर करतच आत गेल्या. मग नागपूरहून एक फोन आला, मग नाशिकहून. पोचायला वेळ लागेल, पण लागलं तर निघतो म्हणून. इम्तियाज एका खांबाला टेकून उभा होता. येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे बघत होता, जणू हाही कदाचित आपल्यासाठीच आला असेल.

डॉक्टर आठल्येबाईंनी शुक्रवारची वाट पाहिली नाही. तपासण्या जुळल्या, दोन्ही पिशव्या तयार झाल्या, आणि त्यांनी रेश्माला दुपारीच आत घेतलं.

आम्ही सगळे बाकावर बसलो. चौबळ, हुद्दारबाई, रेश्माची आई, भाऊ, मी. दोन दिवसांपूर्वी एकमेकांना बहुतेक न ओळखणारी माणसं. एकदा नर्स घाईनं बाहेर आली आणि दुसरी पिशवी घेऊन परत आत गेली. हुद्दारबाईंनी रेश्माच्या आईचा हात धरला. ती माझी पिशवी आहे, हे त्या कुणाला म्हणाल्या नाहीत.

मग दार उघडलं. आठल्येबाईंनी तोंडावरचा मास्क खाली केला, आणि त्या हसत होत्या.

"मुलगी झाली. आई बरी आहे. दोन्ही पिशव्या लागल्या हं. नसत्या तर..."

इम्तियाज खालीच बसला, खांबाला धरून. मग उठला आणि भाऊंच्या पायाला हात लावायला वाकला. भाऊंनी त्याला वरच्या वर धरलं आणि चौबळपुढे आणून उभा केला.

"हा निनाद. आणि या सविताताई हुद्दार. तिला जाऊन सांग, नावं मिळाली."

कराडला परतल्यावर भाऊंनी ओंजळमधल्या सगळ्यांना एक शेवटची मोठी मेल लिहिली. मजकूर एवढाच होता: 'रोजच्या मेल आजपासून बंद. ज्यांना ओंजळमध्ये राहायचे असेल त्यांनी होय असे कळवावे. बाकीच्यांची नावे आम्ही काढून टाकू. यापुढे आमचे पत्र येईल ते कुणाचा तरी जीव अडला असेल तेव्हाच.' नवा पत्ता घेतला, आणि तो कुठेही छापला नाही. अनोळखी पत्रांना उत्तर देणं सोडलं. माझ्या मदतीनं जुना सगळा ढीग एका दुपारी पुसून टाकला. त्या परदेशी बाईच्या पत्राजवळ ते जरा थांबले.

"तशी लिहायची छान," म्हणाले, आणि पुसलं.

अर्ध्याहून अधिक लोकांनी उत्तरच दिलं नाही. ओंजळ एकदम लहान झाली. मला वाटलं होतं भाऊ खचतील. ते सकाळी फिरायला जायला लागले. काही महिने कॉम्प्युटरवरचं क्रोशाचं झाकण नीट घडी न मोडता पडून असायचं. भाऊंना करमायचं नाही, पण त्यांनी एक गुलाब म्हणून पाठवला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी साताऱ्याहून फोन आला. अपघातात सापडलेला एक ट्रकचालक, बॉम्बे रक्तगट, ताबडतोब. आम्ही दोघं बसलो. भाऊंनीच टाइप केलं, अजूनही एका बोटानं. थोडे शब्द, नावं, इस्पितळाचा नंबर. मी वाचून मान डोलावली. त्यांनी पाठवलं आणि खुर्चीत मागे टेकून माझ्याकडे पाहिलं.

"आता किती वाट बघायची, विभा?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि फोन वाजला. काकूंनी आतून येऊन तो घेतला. त्या बोलतच होत्या, तेवढ्यात माझ्या पर्समधला मोबाइल वाजायला लागला, आणि पडद्यावर एकाखाली एक उत्तरं उमटायला लागली.